परदेशातून घरी : रिझालच्या पत्रांविषयी

मनिला शहरातील लुनेता मैदानावर होसे रिझालचा पुतळा उभा आहे. रिखार्ड किस्लिंग या स्विस शिल्पकाराने तो घडविला आणि १९१३ सालच्या ३० डिसेंबरास त्याचे अनावरण झाले. या पुतळ्याच्या अंगावर जाड ओव्हरकोट आहे. मनिलाची हवा आपल्या मडगाव-वेंगुर्ल्याच्या हवेहून काही थंड नाही. तेथे असा कोट अंगावर घेऊन चार पावले चालणेही शिक्षाच वाटेल. आंबेथ ओकाम्पो या फिलिपिनी इतिहासकाराने १९९० साली आपल्या लेखसंग्रहास 'ओव्हरकोटाविना रिझाल' अशा अर्थाचे नाव दिले ते यामुळेच. राष्ट्रपुरुषाच्या अंगावर चढलेला हा जड कपडा उतरवून आतला माणूस दाखवावा, असा त्यांचा हेतू.

हेतू चांगला आहे. परंतु आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. हा कोट ज्या थंडीसाठी घेतला गेला ती थंडी खरी होती, आणि तो अंगावर असतानाच रिझाल सर्वांत अधिक माणूस होता. एकवीस वर्षांचा एक मुलगा परक्या गावात भाड्याच्या खोलीत राहतो, घरून येणाऱ्या पैशाची वाट पाहतो, आणि घरी काय लिहावे व काय लिहू नये याचा रात्री विचार करीत बसतो. रिझालच्या कादंबऱ्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे बोलावयाचे आहे ते त्याच्या घरच्या पत्रांविषयी. १९३० पासून तेओदोरो कालाव यांनी 'एपिस्तोलारियो रिझालिनो' या नावाने त्याचा पत्रव्यवहार खंडशः प्रसिद्ध केला, आणि १९६१ च्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने इंग्रजी भाषांतरेही निघाली. आम्ही ती इंग्रजीतून वाचली, हे आधीच सांगून टाकलेले बरे. मूळ स्पॅनिशच्या शैलीविषयी मत देण्याचा अधिकार आम्हांस नाही.

ज्या वाचकांस रिझालची ओळख नसेल त्यांच्यासाठी चार शब्द. जन्म १९ जून १८६१, लगूना प्रांतातील कालांबा गावी. घर सुखवस्तू, पण जमीन स्वतःची नाही. डोमिनिकन मठाच्या मोठ्या जमिनीवर खंडाने ऊस आणि भात पिकविणारे हे कूळ. आई तेओदोरा आलोन्सो शिकलेली, करारी; एका खोट्या आरोपावरून तिला कालांब्याहून सान्ता क्रूसपर्यंत पायी चालवीत नेऊन तुरुंगात ठेवले होते, ते या मुलाने लहानपणी पाहिले. १८९६ सालच्या ३० डिसेंबरास स्पॅनिश सरकारने त्याला मनिलात गोळ्या घातल्या. तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता.

घर सोडले तेच मुळी चोरून. १८८२ च्या ३ मे रोजी तो मनिलाहून सिंगापूरच्या बोटीत बसला. थोरला भाऊ पासियानो आणि मोजकी दोनचार माणसे यांखेरीज कोणासही ठाऊक नव्हते. आईवडिलांस तर नाहीच. त्यांच्यासाठी एक पत्र लिहून ठेवले होते, बोट सुटल्यावर हाती द्यावयाचे. या पत्रव्यवहाराचा आरंभच असा, की पहिले पत्र हे न सांगितलेल्या गोष्टीची कबुली आहे. आम्हांस वाटते, पुढील पाच वर्षांच्या सर्व पत्रांवर या पहिल्या पत्राची सावली आहे. कोलंबो, एडन, सुवेझचा कालवा, नेपल्स, मार्सेय, आणि १६ जूनला बार्सिलोना, असा प्रवास झाला. तेथून तो माद्रिदला गेला आणि त्या वर्षाच्या अखेरीस विश्वविद्यालयात वैद्यक व तत्त्वज्ञान-साहित्य अशा दोन शाखांत एकाच वेळी दाखल झाला.

माद्रिदची पत्रे वाचताना प्रथम एक प्रकारची निराशा होते, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. गावे, इमारती, चित्रसंग्रह, गाडीभाडे, खोलीचे भाडे यांची वर्णने पानेच्या पाने आहेत, आणि ती प्रवासी-मार्गदर्शकासारखी कोरडी आहेत. घरच्यांना यूरोप दाखवावा हा त्यात कर्तव्यभाव. पण कर्तव्याने लिहिलेले पान वाचकासही कर्तव्यासारखेच वाचावे लागते. मग मध्येच एखादे वाक्य असे येते, की वाचणारा थबकतो. १८८३ च्या आरंभी तो घरी कळवितो, की गेल्या ऑगस्टपासून आपण अंघोळ केलेली नाही. थंडी फार, घामही येत नाही, आणि स्नानास पैसे पडतात.

हे वाचून आमचे वाचक नाक मुरडतील. आम्हीही प्रथम हसलो. परंतु कालांबा हे मोठ्या सरोवराच्या काठचे गाव. तेथील माणसे पाण्यातली, स्वच्छतेची, आपल्यासारखीच स्नानाशिवाय दिवसाला आरंभ न करणारी. ज्या बहिणींनी ते पत्र वाचले असेल त्यांना उपाशी राहिल्याच्या बातमीहूनही ही बातमी अधिक लागली असेल. माणूस परदेशी जातो म्हणजे नक्की काय होते, हे सांगणारे याहून नेमके वाक्य आम्हांस त्याच्या दोन्ही कादंबऱ्यांत सापडत नाही. विचार बदलतात, मते बदलतात, हे सर्वांसच ठाऊक आहे. सकाळी उठल्यावर अंगाला पाणी लागत नाही, आणि काही दिवसांनी त्याचे काही वाटेनासे होते, हे मात्र कोणी लिहीत नाही.

वकिलीच्या धंद्यात आम्हांस एक सवय लागली आहे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून काय सांगतो त्यापेक्षा त्याच्या हिशेबाच्या वहीत काय लिहिले आहे ते आम्ही आधी पाहतो. रिझालची अशी वही आहे. १८८४ सालच्या पूर्वार्धातील माद्रिदची त्याची दैनंदिनी म्हणजे निम्मी खर्चाची टाचणेच होत. जेवण इतके, पुस्तक इतके, लॉटरीचे तिकीट इतके. पुतळ्यातल्या माणसाने लॉटरीची तिकिटे घेतली, यात भक्तांना अडचण वाटते. आम्हांस ते अगदी स्वाभाविक वाटते. पासियानो प्रथम महिना ५० पेसो पाठवीत असे; पिके बिघडली तसे ते ३५ वर आले, आणि तेही वेळेवर येत नसत. टपाल बोटीने जाई. एका प्रश्नाचे उत्तर येण्यास महिने लागत. अशा माणसाला नशिबावर एक नाणे लावावेसे वाटले, तर त्यात नवल काय?

याच वहीतला २५ जून १८८४ हा दिवस चरित्रकारांनी प्रसिद्ध केला आहे. त्या दिवशी त्याच्याजवळ खाण्यास पैसे नव्हते. तसाच उपाशी तो ग्रीक भाषेच्या स्पर्धेस बसला आणि पहिला आला. संध्याकाळी माद्रिदच्या एका भोजनगृहात हुआन लूना आणि फेलिक्स रेसुरेक्सियोन इदाल्गो या दोन फिलिपिनी चित्रकारांच्या सत्काराची मेजवानी होती. लूनाच्या 'स्पोलियारियम' या चित्रास त्या वर्षी माद्रिदच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले होते. तेथे रिझालने भाषण केले. प्रतिभेला देश नसतो, ती हवेसारखी सर्वांची असते, अशा आशयाचे ते भाषण आजही फिलिपाइन्सच्या शाळांतून शिकविले जाते. चरित्रकार येथे उपास आणि वक्तृत्व यांची सांगड घालून टाळ्या घेतात. आमचे लक्ष मात्र पुढे जे घडले त्याकडे जाते.

भाषणाची बातमी कालांब्यास पोहोचली. मठाच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळाचा मुलगा माद्रिदमध्ये असे बोलतो, याचा अर्थ तेथील लोकांना माद्रिदहून अधिक स्पष्ट कळला. पासियानोने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लिहिले, की या बोलण्यामुळे शत्रू वाढले आहेत आणि आईने काळजीने अंथरूण धरले आहे. मग डिसेंबरात आईचे स्वतःचे पत्र गेले. ख्रिस्ती माणसाची कर्तव्ये सोडू नकोस, ज्ञानाच्या मागे इतका लागू नकोस की ते तुझा नाश करील, असा त्या पत्राचा भाव आहे.

हे पत्र आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. आधुनिक समीक्षक ते अज्ञानी मायेचे उदाहरण म्हणून बाजूस सारतात, आणि येथे आमचा त्यांच्याशी तंटा आहे. तेओदोरा आलोन्सो अज्ञानी नव्हती. तुरुंग म्हणजे काय ते तिने अंगावर सोसले होते, आणि तेही कोणतेही भाषण न करता. मुलगा जेथे बसून लिहीत होता तेथे विचारस्वातंत्र्य ही भोजनोत्तर बोलावयाची गोष्ट होती; ती जेथे बसून वाचत होती तेथे त्याची किंमत खंडाच्या पावतीवर वसूल होणार होती. पुढे झालेही तसेच. मठाने वाढविलेला खंड व जमिनीवरील हक्क यांविषयी कालांब्याच्या कुळांनी तक्रार केली, मठ कोर्टात गेला, आणि १८९० पासून कुळे बेदखल होऊ लागली. त्यांत रिझालचे घरही होते. माद्रिदपर्यंत अपील नेण्याची खटपट झाली. तिचा उपयोग झाला नाही. कूळकायद्याची प्रकरणे ज्यांनी चालविली आहेत त्यांस हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. जमीन ज्याची, साक्षीदारही बहुधा त्याचेच असतात.

रिझालने १८८५ च्या जानेवारीत आईस दिलेले उत्तर या सबंध पत्रव्यवहारातील उत्तम पान होय. तो नमत नाही, पण आईशी वादही घालीत नाही. श्रद्धेविषयी आपली बुद्धी जे मानीत नाही ते मानतो असे खोटे सांगून देवास फसविणे आपणांस जमणार नाही, असे तो सौम्यपणे कळवितो. देवधर्म मानणाऱ्या घरातून जो मुलगा शिक्षणासाठी बाहेर गेला आहे, त्याला असे पत्र एकदा तरी लिहावे लागते, किंवा न लिहिता मनात ठेवावे लागते. आमच्या देवळांच्या महाजनांपैकी कितीकांच्या घरी अशी पत्रे पेटीत असतील! रिझालच्या उत्तरात आम्हांस जे आवडले ते हे, की त्यात विजयाचा सूर नाही. आपण आईस दुःख देत आहोत हे त्यास पूर्ण ठाऊक आहे.

माद्रिदनंतर तो डोळ्यांचे वैद्यक शिकण्यासाठी पॅरिसला द वेकेर यांच्याकडे आणि १८८६ मध्ये हायडेलबर्गला ऑटो बेकर यांच्या रुग्णालयात गेला. आईची दृष्टी मंद होत चालली होती, म्हणून तो या शाखेकडे वळला असे सांगतात. हायडेलबर्गजवळच्या विल्हेल्म्सफेल्ड खेड्यात एका पाद्र्याच्या घरी तो काही महिने राहिला, आणि तो काळ त्यातल्या त्यात सुखाचा दिसतो. त्या वर्षाच्या ३१ जुलैस त्याने बोहेमियातील लाइटमेरिट्झ गावच्या फर्डिनांड ब्लुमेन्ट्रिट या शिक्षकास तगालोग शिकण्यास उपयोगी पडेल असे एक अंकगणिताचे पुस्तक आणि पत्र पाठविले. फिलिपाइन्स कधीही न पाहता त्या देशाचा अभ्यास करणारा हा मनुष्य पुढे त्याचा सर्वांत जवळचा मित्र झाला. मग बर्लिनचा हिवाळा आला. घरचे पैसे थांबले. बहिणीने दिलेली हिऱ्याची अंगठी पूर्वीच गहाण पडू लागली होती. तो एकवेळ जेवू लागला, खोकू लागला आणि आपणांस क्षय झाला अशी त्याची खात्री झाली.

येथे आम्हांस एक योगायोग नोंदविल्यावाचून राहवत नाही. त्याच हिवाळ्यात, १८८७ च्या फेब्रुवारीत, आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या. त्याही १८८३ साली समुद्र ओलांडून गेल्या होत्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत आपला पोशाख आणि शाकाहार सांभाळून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली त्यांचे चरित्र लिहिले, आणि त्यातील पत्रांमुळेच आनंदीबाई आज आपणांस जिवंत वाटतात. रिझालला क्षय नव्हता. माक्सिमो व्हियोला हा मित्र पैसे घेऊन बर्लिनला आला, त्याने ३०० पेसो दिले, आणि १८८७ च्या मार्चअखेर 'नोली मे तांगेरे'च्या २००० प्रती छापून तयार झाल्या.

आता आमचा मुख्य आक्षेप. या कादंबरीचा नायक इबार्रा सात वर्षे यूरोपात राहून घरी परततो, तेथे कथा सुरू होते. ती सात वर्षे कादंबरीत जवळजवळ नाहीत. तो काय खात होता, कोठे राहत होता, रस्त्यात लोक त्याला काय म्हणत, याचा मागमूस नाही. इबार्रा श्रीमंत आहे, नीटनेटका आहे, आणि यूरोपाने त्याला केवळ उदार विचार दिले आहेत. ज्या लेखकाने उपाशीपोटी हे पुस्तक पुरे केले त्याने आपल्या नायकास एक दिवसही उपाशी ठेवले नाही. हा संकोच असेल, किंवा विदेशस्थ तरुण हा आपल्या लोकांसमोर आदर्श म्हणून उभा राहावा हा हेतू असेल. परंतु त्यामुळे इबार्रा पुतळ्यासारखाच ओव्हरकोटात उभा राहतो. एक गोष्ट मात्र पत्रांतून कादंबरीत आली आहे, आणि कादंबरीचा आरंभ तीमुळेच तग धरतो. बाप गेला हे इबार्रास कळलेले असते, पण तो तुरुंगात मेला हे त्यास घरी आल्यावर एका शिपाई अधिकाऱ्याकडून समजते. घरच्या पत्रांत काय लिहिले नसेल, हे परदेशातील प्रत्येक मुलाचे भय आहे. ते रिझालने बरोबर टिपले.

रस्त्यावरचे माद्रिद ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी आन्तोनियो लूनाकडे वळावे. चित्रकार लूनाचा हा धाकटा भाऊ. पुढे सेनापती झाला आणि १८९९ साली स्वकीयांच्याच हातून मारला गेला. 'ला सोलिदारिदाद' या पाक्षिकात त्याने 'तागा-इलोग' या टोपणनावाने माद्रिदची शब्दचित्रे लिहिली, आणि १८९१ मध्ये त्यांचे 'इम्प्रेसियोनेस' नावाचे पुस्तक झाले. लोक वळून पाहतात, चिनी म्हणतात, बायका कुजबुजतात. तीन शतके ज्यांच्यावर राज्य केले त्या देशाचा माणूस कसा दिसतो हे राजधानीस ठाऊक नाही. १८८७ साली माद्रिदच्या रेतिरो बागेत फिलिपाइन्सचे प्रदर्शन भरले होते आणि त्यात डोंगरातील इगोरोत लोकांना आणून वस्तूंबरोबर मांडले होते. त्यानंतर गव्हाळ वर्णाचा प्रत्येक विद्यार्थी शहराच्या लेखी प्रदर्शनातून सुटलेला. लूना हे हसून लिहितो. हे हसणे रिझालला साधत नाही. तो चिडतो आणि उपदेश करतो. माद्रिदमधील आपल्या सोबत्यांस जुगार सोडा म्हणून त्याने १८९० मध्ये ब्रसेल्सहून असे पत्र पाठविले, की त्यांनी 'पेपे' या त्याच्या घरगुती नावाचे 'पापा' करून टाकले. पापा म्हणजे पोप! या थट्टेत आम्ही थट्टा करणाऱ्यांच्या बाजूस आहोत.

या सर्व तरुणांची आणखी एक अडचण होती, आणि ती गोव्याच्या वाचकास चटकन कळेल. गोव्यातून लिस्बनच्या संसदेत प्रतिनिधी जात. १८६० नंतरच्या दशकात नावेलीचे डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोमीश तेथे निवडून गेले होते. त्यांची 'ओस ब्राह्मनेस' ही कादंबरी १८६६ साली लिस्बनमध्ये निघाली. तेही वैद्य, तेही कादंबरीकार, आणि १८६९ साली घरी परतत असताना बोटीवरच वारले. फिलिपाइन्सचे प्रतिनिधित्व स्पेनने १८३७ मध्येच काढून घेतले होते. गोमीश लिस्बनमध्ये सभासद म्हणून उभे राहत. रिझाल आणि त्याचे सोबती माद्रिदमध्ये केवळ विद्यार्थी, आणि शेवटी भाडेकरू. आपल्या लोकांसाठी बोलण्याचा त्यांस कोणी अधिकार दिला नव्हता. 'फिलिपिनो' हे नावही त्यांचे नव्हते. त्या बेटांवर जन्मलेल्या स्पॅनिश माणसास ते लावीत. बाकी सारे 'इंदियो'. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या, निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या या मुलांनी परक्या गावातील खाणावळींतून ते नाव स्वतःस लावून घेतले.

तरीही कादंबरी स्पॅनिशमध्ये, गोमीशांची पोर्तुगीजमध्ये. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांतील बहुतेकांस ती वाचता येत नव्हती. आमच्या या दोन भाषांच्या मासिकात या प्रश्नाचा खल करीत बसण्याचे कारण नाही. वाचक तो रोज जगतात. एवढेच नमूद करतो, की १८८६ मध्ये पासियानोच्या सांगण्यावरून रिझालने शिलरचे 'विल्हेल्म टेल' तगालोगमध्ये आणले, भाचरांसाठी अँडरसनच्या गोष्टी आणल्या, आणि पुढे तिसरी कादंबरी तगालोगमध्ये आरंभून अर्धवट सोडली. घरच्यांसाठी लिहिताना तो आपल्या भाषेकडे वळे. जगासाठी लिहिताना नाही.

मार्सेलो देल पिलार याच्या पत्रांचा उल्लेख केल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही, जरी तो तरुण नव्हता. हा आमच्या धंद्यातला मनुष्य. अटकेच्या भयाने १८८८ मध्ये बायको आणि दोन मुली मागे ठेवून तो निघाला आणि 'ला सोलिदारिदाद' त्याने अखेरपर्यंत, म्हणजे १८९५ च्या नोव्हेंबरापर्यंत, चालविले. शेवटी रस्त्यावरची सिगारेटची थोटके वेचून ओढण्याची पाळी त्याच्यावर आली. पत्नीस लिहिताना तो सांगतो, की धाकटी मांडीवर आणि थोरली शेजारी बसली आहे असे स्वप्न आपणांस वारंवार पडते. रिझालच्या पत्रांतील वर्णने, उपदेश, विद्वत्ता यांपैकी काहीच यात नाही. साहित्य म्हणून तोलावयाचे तर आम्ही हीच पत्रे वर धरू. १८९६ च्या जुलैत तो बार्सिलोना येथे क्षयाने वारला. मुलींची भेट झाली नाही.

रिझालला आई भेटली. जमिनीवरून घालविल्यानंतर घरची बरीच माणसे १८९१ च्या अखेरीस हाँगकाँगला त्याच्याकडे आली. यूरोपातून परतून त्याने तेथे डोळ्यांचा दवाखाना उघडला होता. आईच्या डोळ्यावर त्याने स्वतः शस्त्रक्रिया केली आणि तिला पुन्हा वाचता येऊ लागले. पुढल्या वर्षाच्या २० जूनला, मनिलास परत जाण्याचे ठरवून, त्याने दोन पत्रे लिहिली, मोहोरबंद केली आणि मार्केस नावाच्या पोर्तुगीज डॉक्टर मित्राच्या स्वाधीन केली. आपल्या मृत्यूनंतर ती उघडावीत अशी सूचना होती. एक देशबांधवांस होते. दुसरे आईवडिलांस व भावंडांस.